ब्राँझची तुकडी : नववीच्या मुलांसोबतच्या प्रकल्प नोंदी, २०२४-२५

१८ जून

आज शिक्षकांच्या बैठकीत विषय मांडला. जगात ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्कार म्हणून ओळखला जाणारा आणि आपल्याकडे ‘इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल’ या नावाने चालणारा उपक्रम यंदा नववीला घ्यायचा आहे. शाळेची नोंदणी झाली, माझं प्रशिक्षण झालं, मुलांचं शुल्क माजी विद्यार्थ्यांनी उचललं. प्रश्न उरला तो वेळेचा, आणि ‘आणखी एक उपक्रम कशाला’ याचा.

शंका रास्त आहे. स्काउट-गाइड आहे, कार्यानुभव आहे, नववी-दहावीला तर ‘स्व-विकास व कलारसास्वाद’ असा विषयच आहे. पण त्या तासाला बहुतेक वेळा गणिताचं राहिलेलं प्रकरण पुरं होतं आणि श्रेणी शेवटी एका बैठकीत भरल्या जातात. स्काउटची गोष्ट वेगळी. त्यात शिस्त आहे, प्रथम सोपानापासून राष्ट्रपती पुरस्कारापर्यंतची वाट आहे, मी स्वतः गाइड होते. मात्र त्या वाटेवर काय शिकायचं ते आधीच लिहिलेलं असतं. इथे मुलाने ठरवायचं : काय शिकणार, कोणाच्या उपयोगी पडणार, अंग कसं कसणार, आणि तीन महिन्यांनी कुठे पोहोचलेलं असणार. चौदाव्या वर्षापर्यंत आमच्या मुलांना हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. शाळा ठरवते, घर ठरवतं, पुढे क्लासवाले ठरवतात.

मुख्याध्यापक सरांनी स्व-विकासाचे तास दिले. अट एकच, नववीचा अभ्यास मागे पडता कामा नये. मान्य.

२२ जून

सहकाऱ्यांना वाचायला दोन पानं काढून दिली, त्यातला मजकूर इथेही ठेवते.

यामागचा माणूस कुर्ट हान हा जर्मन शिक्षक. जन्म १८८६. हिटलरच्या विरोधात उघड बोलला म्हणून १९३३ मध्ये त्याला अटक झाली, सुटल्यावर तो ब्रिटनला गेला आणि १९३४ मध्ये स्कॉटलंडला गॉर्डनस्टन ही शाळा काढली. तिथल्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत पुढचे ड्यूक ऑफ एडिंबरा, प्रिन्स फिलिप होते. तरुणांमध्ये सहा गोष्टी खालावत चालल्या आहेत असं हान सांगायचा : शरीराची ताकद, पुढाकार, स्मरण आणि कल्पना, हातचं कसब, स्वतःवरचा ताबा, आणि दुसऱ्याबद्दलची कणव. त्यावरचे उपाय म्हणजेच या पुरस्काराचे विभाग. १९५६ मध्ये उपक्रम सुरू झाला तेव्हा त्याची घडी जॉन हंट यांनी बसवली. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते ते हेच. पहिली दोन वर्षं फक्त मुलगे होते, १९५८ पासून मुलीही आल्या.

हे वाचताना मला सारखं अमळनेर आठवत होतं. साने गुरुजी १९२४ ते १९३० प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. छात्रालय सांभाळायचे, मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढायचे. रोज. मुलाचं मन आणि मुलाचा हात दोन्ही घडले पाहिजेत, हा विचार खान्देशाला स्कॉटलंडहून आणायची गरज नाही. पण रीत हवी, मोजमाप हवं, आठवड्याला आठवडा जोडत नेणारी चौकट हवी. ती इथे तयार मिळते, म्हणून घ्यायची.

२९ जून

मुलांची पहिली बैठक. नववीच्या दोन्ही तुकड्यांना सांगितलं, नाव घातलंच पाहिजे असं नाही. तेराजणांनी नावं दिली, सात मुलगे, सहा मुली. (मुलांची नावं या नोंदीत कुठेही लिहिणार नाही.)

फळ्यावर लिहिलेलं असं. ब्राँझ : वय १४ पूर्ण, किमान ६ महिने. तीन विभाग म्हणजे सेवा, कौशल्य आणि शारीरिक क्रिया. प्रत्येकाला किमान ३ महिने, आठवड्याला सरासरी एक तास. यातला एक विभाग आपल्या पसंतीने ६ महिने चालवायचा. चौथा विभाग साहसी प्रवास : दोन दिवस, एक रात्र, स्वतःच्या पायांनी, स्वतः रांधून, स्वतः वाट काढत. पुढे सिल्व्हर, त्यापुढे गोल्ड. पंचविसाव्या वाढदिवसापर्यंत कधीही पुरं करता येतं.

“बाई, सगळे तास मे महिन्यात एकदम केले तर?” हा पहिला प्रश्न. चालत नाही. दर आठवड्याचा एक तास ही यातली खरी मेख आहे. एका दिवसात तेरा तास धावणं सोपं, तेरा आठवडे दर मंगळवारी धावणं अवघड.

संध्याकाळी पालकांची बैठक झाली. एका वडिलांनी विचारलं, “पहिला नंबर कोनना काढतस यामा?” कोणाचाच नाही. इथे स्पर्धा नाही, प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशी. ते गप्प बसले, पण पटलं नसावं. दहावीला खेळाडूंना मिळतात तसे सवलतीचे गुण मिळतील का, हेही विचारून झालं. नाही म्हटल्यावर दोघं-तिघं उठून गेले, तरी मुलांची नावं त्यांनी काढली नाहीत.

८ जुलै

निवडी आल्या. आठवडाभर यावरच बोलणं चाललं.

पहिल्या फेरीत सगळ्यांनी तेच लिहिलं होतं : सेवा म्हणजे वृक्षारोपण, कौशल्य म्हणजे कॉम्प्युटर, शारीरिक म्हणजे क्रिकेट. शिक्षकाला आवडेल ते. कागद परत दिले. म्हटलं, उद्या शाळा नसती तर तुम्ही काय शिकला असता ते लिहा.

दुसऱ्या फेरीला मुलं दिसू लागली. एकाला ठिबकच्या नळ्यांची दुरुस्ती शिकायची आहे, शेतात केळीला ठिबक आहे आणि दरवर्षी शेवटच्या ओळींना पाणी कमी पडतं. एका मुलीला आजीकडची कानबाईची (खान्देशात श्रावणात घरोघर बसणाऱ्या देवीची) गाणी रेकॉर्ड करून लिहून काढायची आहेत. तांड्यावरून सायकलने येणाऱ्या मुलाला सायकलीचं रिम सरळ करायला शिकायचं आहे. तिघांना पोलीस भरतीच्या पोरांसोबत पहाटे धावायचं आहे, आमच्या रस्त्यावर पाचला उठून धावणारे बरेच असतात. एक मुलगी वाचनालयात पुस्तकांची नोंदवही नव्याने करणार.

सर्वांत जास्त वेळ गेला तो घरच्या कामावर. “बाई, मी रोज ढोरं सोडतो, चारा कापतो, मग ती सेवा नाही का?” नियम सांगतो, सेवा घराबाहेरच्या माणसासाठी, मोबदला न घेता, आपखुशीने. घरच्या शेतातला कापूस वेचणं त्यात बसत नाही. पण ज्या मुलाच्या दिवसातले चार तास घरच्या कामात जातात, त्याला ‘तुझं काम धरत नाही’ एवढंच सांगणं बरोबर नाही. म्हणून दोन गोष्टी ठरवल्या. घरच्या कामात जे नवीन शिकतोस ते कौशल्यात येऊ शकतं, मात्र आधी ध्येय लिही आणि घराबाहेरचा जाणकार तपासणारा शोध. आणि तुझा एक तास आठवड्यात कुठे बसतो, ते आपण तुझ्या घरच्यांसोबत बसून ठरवू. ठिबकवाल्याला काका शिकवणार, तपासणार तालुक्याला ठिबकचं दुकान असलेले गृहस्थ. ते आनंदाने हो म्हणाले.

ध्येय मोजता येईल असं लिहून घेतलं. ‘ठिबक शिकणे’ असं लिहून भागत नाही. ‘अर्ध्या एकरातल्या सर्व ओळींना सारखं पाणी पोहोचवणे’ हे ध्येय.

एकाला अजून चौदा वर्षं पूर्ण झालेली नाहीत. तो पोळ्यानंतर सुरुवात करेल.

२७ जुलै

पाऊस. मैदान चिखल. धावणारे शाळेच्या व्हरांड्यात दोरीवरच्या उड्या मारत आहेत. चालेल.

१३ ऑगस्ट

परवा घरोघर कानबाई बसल्या, काल विसर्जन झालं. गाणी जमवणारी मुलगी दोन्ही दिवस भाऊबंदांच्या घरी रात्री जागली. तिची वही पाहिली. गाणं म्हणणाऱ्या बाईचं माहेर कोणतं, ही ओळ तिथे कशी म्हणतात आणि इथे कशी, हे तिने समासात लिहून ठेवलं आहे. मी असं काही सांगितलं नव्हतं. तपासणारे निवृत्त मराठीचे शिक्षक वही घेऊन बराच वेळ बसले आणि म्हणाले, “समास सोडू नको, त्यातच खरं काम आहे.”

तिची आजी बैठकीला आली होती. नातीने रेकॉर्डिंग लावलं तसा आजीचा हात ताल धरू लागला आणि मधेच तिने नातीला थांबवलं, “हाई वळ चुकनी तुनी.” नातीने तिथेच खोडून दुरुस्त केलं.

एक मुलगी बाहेर पडली. मैत्रिणीने नाव घातलं म्हणून तिने घातलं होतं. आपखुशीचं काम आपखुशीने सोडताही आलं पाहिजे, म्हणून समजूत काढायला गेले नाही. आता बाराजण.

४ सप्टेंबर

पोळा झाला. राहिलेला मुलगा आजपासून तुकडीत.

२१ सप्टेंबर

आज नोंदवह्या तपासल्या. मुलं आधी शंभर पानी वहीत लिहितात, शनिवारी संगणक कक्षात बसून ऑनलाइन रेकॉर्ड बुकमध्ये उतरवतात. घरी फोन असतो तो वडिलांकडे, म्हणून ही सोय.

पाच वह्यांमध्ये सलग सहा आठवडे एकच वाक्य : ‘आज मला खूप छान वाटले.’ शाई एक, अक्षर एका दमातलं. एका संध्याकाळी बसून भरलेल्या वह्या ओळखू येतात.

कोणाला रागावले नाही. ठिबकवाल्याची वही उघडून सर्वांसमोर वाचून दाखवली, त्याला विचारून :

‘३१ ऑगस्ट. पहिल्या ड्रिपरखाली बाटली ठेवली. १५ मिनिटांत १ लिटर पाहिजे, कारण ड्रिपर ताशी ४ लिटरचा आहे. ९५० मिली आलं. शेवटच्या ड्रिपरखाली ६०० मिली.

७ सप्टेंबर. गणपती. गेलो नाही.

१४ सप्टेंबर. एंड कॅप काढून नळी फ्लश केली. लाल पाणी आलं, मग पांढरे क्षार. पुन्हा मोजलं. ७२० मिली. काका म्हणतात ॲसिड द्यावं लागेल. ॲसिड काकाच देतील, मी लांब उभा राहीन. पाण्यात ॲसिड टाकायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही.’

यातली सर्वांत मोलाची ओळ ‘गेलो नाही’ ही आहे. ती आहे म्हणून बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो. वर्गाला सांगितलं, आठवडा रिकामा गेला तर रिकामा लिहा, तेरा आठवडे भरायला पंधरा लागले तरी कोणी अडवत नाही. या पुरस्काराची सगळी इमारत मुलाच्या स्वतःच्या नोंदीवर उभी आहे. खोटी नोंद करायला शिकवून आपण कसला विकास करणार? पाचही मुलांनी ती पानं स्वतः रद्द केली आणि आजपासून पुन्हा मोजायचं ठरवलं. एक मुलगी रडली, मग तिनेच पहिली रेघ मारली.

१९ ऑक्टोबर

कापूस फुटला. वर्गात निम्मी बाकं रिकामी. मजूर मिळत नाही, त्यामुळे घरचे हात शेतात. पुरस्काराचे तास रविवारी रात्रीवर आणले. दोघांचे आठवडे रिकामे, तसेच लिहिले आहेत.

तीन महिन्यांचे विभाग बहुतेकांचे पुरे झाले. ठिबकवाल्याचा शेवटचा ड्रिपर आता १५ मिनिटांत ९१० मिलीवर आला आहे. दुकानदारांनी प्रत्यक्ष शेतावर येऊन बाटली लावली, मोजलं आणि मग सही केली. अशी सही हवी.

१० नोव्हेंबर

तांड्यावरचा मुलगा गेला. आई-वडील ऊसतोडीला निघाले, मुकादमाकडून उचल घेतलेली, लहान दोन भावंडं सोबत, त्यांना फडावर सांभाळायला हा. मी घरी जाऊन आले. आजीकडे ठेवता येईल का विचारलं. आजीला दिसत नाही. वडील म्हणाले, “बाई, शिकलेला मुलगा मलाही पाहिजे. पण लहाना पोरगा उसाच्या गाडीखाली आला तर?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि नसलेलं उत्तर बनवून सांगणंही शोभलं नसतं.

त्याचं कौशल्य आणि शारीरिक दोन्ही पूर्ण झालंय. सेवा त्याने सहा महिन्यांची घेतली होती, तांड्यावरच्या पहिली-दुसरीच्या पोरांना संध्याकाळी वाचायला शिकवायचं. त्यातले नऊ आठवडे उरले. प्रवास उरला. त्याला सांगितलं, काहीही वाया गेलेलं नाही, रेकॉर्ड बुक तुझ्या नावाने उघडं आहे, पंचविशीपर्यंत ते उघडंच राहणार. त्याने विचारलं, “फडावरच्या पोरांना शिकवलं तर धरता का?” धरणार. मात्र तिथे कोणी मोठं माणूस पाहणारं हवं. वार्षिक परीक्षेला येण्याचं वडिलांनी कबूल केलं आहे.

शाळेच्या चौकटी गावात थांबणाऱ्या मुलासाठी आखलेल्या असतात. हजेरी, सत्र, घटक चाचणी, सगळं. चाळीसगाव तालुक्यातल्या तांड्यांवरची कुटुंबं दरवर्षी दिवाळीनंतर हलतात, हे सर्वांना माहीत आहे, तरी वेळापत्रक तसंच. थांबून पुन्हा सुरू करण्याची मुभा ही मला या उपक्रमातली सर्वांत न्यायाची गोष्ट वाटते.

२५ नोव्हेंबर

निवडणुकीच्या ड्युट्या संपल्या. प्रवासाची तयारी सुरू. नकाशा वाचणं, होकायंत्र, प्रथमोपचार. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनी तास घेतला. साप चावला तर : बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, भगताकडे न्यायचं नाही. माणसाला न हलवता १०८ ला फोन, आणि जिथे सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे त्या दवाखान्यात. मुलींना पाळीच्या दिवसांत चालताना काय सोबत ठेवायचं, हेही त्यांनी वेगळं बसवून सरळ भाषेत सांगितलं. सामानाच्या यादीत पॅड लिहिताना कोणी कुजबुजलं नाही.

१६ डिसेंबर

सराव प्रवास झाला, शनिवार-रविवार. जामदा बंधाऱ्यापासून पाटाच्या कडेने, मुक्काम वाटेवरच्या एका गावातल्या शाळेत. मुलींचा गट पाचजणींचा, मुलग्यांचा सहाजणांचा. नियमाप्रमाणे गट चार ते सात जणांचा लागतो.

निघण्याआधी एका आईने हात धरला. “बाई, पोर रातले गावना बाहेर राही. तुम्ही सोबत राहशात ना?” मी म्हटलं, त्याच शाळेत, पलीकडच्या खोलीत. चालताना मात्र सोबत नसते. ठरलेल्या ठिकाणी मी आणि क्रीडाशिक्षक थांबतो, गट आपल्या वाटेने येतो. प्रवासाचा अर्थच तो आहे. शिक्षक पुढे चालले की मुलं शिक्षकाच्या पाठीकडे बघतात, वाटेकडे नाही.

मुलग्यांचा गट दुसऱ्या ठिकाणी दीड तास उशिरा पोहोचला. उपपाटाला मुख्य पाट समजून भलतीकडे गेले होते. क्रीडाशिक्षक दोनदा गाडीला किल्ली लावून उठले, दोनदा बसले. फोन सीलबंद पाकिटात, फक्त अडचणीला. मुलं आली तेव्हा चेहरे उतरलेले, पण नकाशावर कुठे चुकलं तिथे पेन्सिलने गोल केलेला होता. कोणी कोणाला दोष देत नव्हतं. ते पाहून क्रीडाशिक्षकांनी तयार ठेवलेलं भाषण गिळलं.

एकाने पाच लिटरचा कुकर आणला होता, दुसऱ्याने घरची दुहेरी गोधडी. वजन शरीराच्या पाचव्या हिश्शाच्या आत ठेवा असं आधी सांगितलं होतं. रात्री स्वतःच काढून टाकलेल्या वस्तूंची यादी त्यांनी केली.

प्रवासाला विषय लागतो. यांचा विषय ‘पाटाचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत जातं का’. पाटकऱ्याला गाठून त्यांनी आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, कसं ठरतं ते विचारलं, मग टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या, दोन शेतकऱ्यांना विचारलं. दोन्हीकडची उत्तरं जुळली नाहीत, ती त्यांनी शेजारी शेजारी लिहिली. ठिबकवाला म्हणाला, “नळी असो का पाट, बाटली शेवटीच लावायची.”

१३ जानेवारी

मुख्य प्रवास. पाटणादेवी.

गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा भाग, बिबट्याचा वावर, म्हणून वनखात्याची लेखी परवानगी काढली होती आणि रात्रीचा मुक्काम जंगलाबाहेर, पायथ्याच्या गावात ठेवला. तंबू तिथल्या शाळेच्या पटांगणात. मूल्यमापनाला शेजारच्या तालुक्यातून एक अनुभवी गिर्यारोहक आले, कारण तुकडीला शिकवणाऱ्यांपैकीच कोणी तपासणं बरोबर नाही. जंगलातल्या वाटेवर वनरक्षक मागे अंतर ठेवून.

विषय मुलांनी निवडला होता : भास्कराचार्यांच्या नावाशी जोडलेल्या गावात सावलीवरून उंची मोजणे. पाटण इथे सापडलेल्या शिलालेखात शके ११२८ मध्ये, म्हणजे १२०६-०७ च्या सुमारास, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याचं कोरलं आहे. मठाला निकुंभ राजांनी दिलेल्या उत्पन्नाची नोंदही त्यात आहे. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला. नववीच्या भूमितीत समरूप त्रिकोण येतात. पुस्तकातली आकृती आणि ही जागा एकत्र आणायची कल्पना एका मुलीची.

दोन्ही गट मंदिराजवळच्या मोकळ्या जागेत सकाळी दहाच्या पुढे पोहोचले. दीड मीटरची काठी ओळंब्याने उभी केली. मुलींनी काठीची सावली मोजली, १.८ मीटर. लगेच झाडाची, १४.४ मीटर. भागाकार केला, झाड १२ मीटर. मुलग्यांनी काठीची सावली मोजली, मग भूक लागली, डबे उघडले, आणि जेवून आल्यावर झाडाची सावली मोजली. त्यांचं तेच झाड साडेनऊ मीटरच्या आसपास आलं. वाद सुरू झाला. टेप चुकीचा, काठी वाकडी, मुलींनी मुळापासून मोजलं नाही, सगळं झालं. मी आणि मूल्यमापक दोघं दगडावर बसून होतो, बोललो नाही. मग शेवटी आलेला, पोळ्यानंतर सुरुवात केलेला मुलगा काठीपाशी जाऊन उभा राहिला. सकाळी सावलीच्या टोकाला ठेवलेला खडा आता सावलीपासून लांब पडला होता. तो नुसता “अरे” म्हणाला. बाकीचे पाच धावत आले. पुन्हा मोजलं, या वेळी एकाने काठी आणि दुसऱ्याने झाड, एकाच वेळी, शिट्टीवर. सव्वाबारा मीटर. मुलींच्या बारापेक्षा थोडं जास्त, आणि ते जास्त का, यावर परतीच्या वाटेवर पुन्हा चर्चा.

हे मी वर्गात फळ्यावर दहा मिनिटांत सांगू शकले असते. त्यांच्या डोक्यात ते किती दिवस टिकलं असतं, हे मला वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिकांवरून चांगलं ठाऊक आहे.

रात्री थंडी कडक. मुलग्यांनी वरण-बट्टी केली, बट्ट्या बाहेरून करपल्या, आतून कच्च्या. खाल्ल्या. मुलींची खिचडी आणि ठेचा. रात्री एकीला ताप वाटला, गटाने थर्मामीटर लावला, ९९. पाणी दिलं, जागेची अदलाबदल करून तिला मधे झोपवलं, आणि मला येऊन सांगितलं, ‘कळवायचं ठरलं होतं म्हणून कळवतोय, आम्ही बघतोय’. सकाळी ती बरी होती, स्वतःची पिशवी स्वतः उचलून चालली.

मूल्यमापकांनी दोन्ही गट उत्तीर्ण ठरवले. मुलग्यांना जेवणाचं नियोजन सुधारा म्हणाले.

८ फेब्रुवारी

फडावरून फोन आला. सातारा जिल्ह्यात आहेत. संध्याकाळी कोपींच्या, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्यांच्या, मधल्या जागेत तो आठ-नऊ पोरं घेऊन बसतो. जवळच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींशी मी बोलले. ते स्वतः दोनदा जाऊन पाहून आले, त्यांनी सहा आठवडे तपासून सही दिली. काही आठवडे मोळ्या बांधून हात उचलत नव्हता, ते त्याने मोजले नाहीत, हेही गुरुजींनी आपणहून सांगितलं.

१५ मार्च

दहावीच्या परीक्षेत पर्यवेक्षण. नोंदी तुटक. ज्यांनी सप्टेंबरमध्ये पानं रद्द केली होती त्या सर्वांचे आठवडे आता पुरे झाले, पोळ्यानंतर सुरुवात केलेल्याचेही. अकराजणांचे प्रस्ताव वर पाठवले.

२४ एप्रिल

अकरापैकी दहाजणांचं ब्राँझ मंजूर. एकीच्या सेवेच्या नोंदीत तपासणाऱ्याचा अभिप्राय अपुरा, तो परत मागवला आहे. वाचनालयाचे ग्रंथपाल पुन्हा लिहून देणार आहेत.

पालकांची बैठक झाली. जूनमध्ये पहिला नंबर विचारणारे वडील आले होते. त्यांनी मुलाची वही चाळली, रिकामा लिहिलेला एक आठवडा दाखवून “हाई काय शे?” विचारलं. मुलगा म्हणाला, “त्या आठवडामा कापूस येचाले व्हतू, धावनू नही.” वडील हो म्हणाले, आपल्याच शेतातला तो कापूस. मग त्यांनी धाकट्या मुलीचं नाव पुढच्या तुकडीसाठी लिहून घ्यायला सांगितलं. ती आता आठवीत आहे.

सहाजणांना सिल्व्हर हवं आहे. वय १५ पूर्ण, ब्राँझ झालेल्यांना किमान ६ महिने, प्रवास तीन दिवसांचा. दहावीचं वर्ष मध्ये येतं. मी घाई करू नका म्हटलं, दहावीनंतरच्या सुट्टीपासून सुरू करा. गाणी जमवणारी ऐकत नाही. तिला आजीच्या माहेरगावच्या बायका गाठायच्या आहेत, आणि आजीचं वय थांबणार नाही, असं तिने सरळ सांगितलं. तिचं सुरू राहील.

३ मे

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ऊसतोडीची मंडळी परतली. तांड्यावरचा मुलगा वार्षिक परीक्षेला आठवडाभर आधी एकटा आला होता. परीक्षा दिली, पास झाला, विज्ञानात काठावर. त्याच्या सेवेचे तीन आठवडे बाकी आहेत. ते तो तांड्यावरच, आधीच्याच पोरांसोबत, सोमवारपासून करणार. तपासायला अंगणवाडीताई.

प्रवासासाठी गटात किमान चारजण लागतात. पोळ्यानंतरच्या मुलाने आणि ठिबकवाल्याने सोबत येतो म्हटलं, पण त्यांचं ब्राँझ झालेलं असल्याने गट तो आणि नव्या तुकडीतले तिघं असा करावा असं वाटतं. त्यासाठी नवीन मुलांचं प्रशिक्षण जूनमध्येच उरकायचं, सराव प्रवास पावसाळा संपता संपता सप्टेंबरअखेर, मुख्य प्रवास ऑक्टोबरचा दुसरा शनिवार-रविवार, म्हणजे मुकादमाची गाडी यायच्या आत. वनखात्याला अर्ज या वेळी जुलैतच द्यायचा. सायकलीचं पाना-पेटीचं सामान त्याने शाळेत ठेवलं आहे, नव्या तुकडीला रिम काढायला तो शनिवारी शिकवेल.